डब्यातले सात शिक्के

माझ्या टेबलाच्या डाव्या खणात समुद्रशेवाळाचा एक रिकामा डबा असतो. कुठल्यातरी चुसोकच्या सणाला कुणीतरी भेट दिलेला. शेवाळ मी घरी नेऊन खाल्लं, डबा कचेरीत राहिला. त्यात सात लाकडी शिक्के आणि लाल शाईची एक डबी. सात शिक्के म्हणजे आमच्या प्रसारण संस्थेचे सात संचालक.

नियम असा की बैठकीच्या इतिवृत्तावर हजर असलेल्या प्रत्येक संचालकाने वाचून सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारायचा. एक जरी शिक्का कमी असला तरी कागद रद्दी. पूर्वी म्हणे सगळे आपापला शिक्का खिशातून आणत. मग एक जण विसरला, दुसऱ्याचा हरवला, तिसऱ्याला गाडी गाठायची घाई, आणि कुणीतरी म्हणालं, "प्यो बाईंकडेच ठेवा की. कुठं पळून जाणारेत त्या?" तेव्हापासून नवा संचालक नेमला गेला की मी स्टेशनसमोरच्या दुकानात जाते, दहा मिनिटांत त्याच्या नावाचा शिक्का कोरून घेते, आणि त्याच्या वतीने तो मीच उमटवते. एकोणीस वर्षं मी हे करते आहे. एवढ्या वर्षांत एकाही संचालकाने मला विचारलं नाही, की बाई, माझ्या नावाने तुम्ही नेमकं काय लिहिता?

मी लिहायचे तरी काय! "सदर विषयावर चर्चेअंती नोंद घेण्यात आली." छप्पर गळतंय, नोंद घेण्यात आली. प्रेक्षक घटले, नोंद घेण्यात आली. स्त्री-पुरुषांच्या वेतनातली तफावत, दर मार्चमध्ये, नोंद घेण्यात आली. सोलमधल्या मंत्रालयाला आणि लोकांना वाटतं, मंडळ संस्थेवर देखरेख करतं. देखरेख कसली, उंटावरून शेळ्या हाकणं. शेळ्या कुठल्या कुठं गेल्या तरी वरचा माणूस डुलक्या काढतोय.

मंगळवारी अकराला बैठक होती. सव्वादहाला मी चहाच्या खोलीत कॉफीच्या पुड्या फोडत होते, तेव्हा मेंग हारिम आत आली.

हारिम आमची निवेदिका. आठ वर्षं तिने सात वाजताच्या बातम्या वाचल्या, शेजारी थाक संगजे. दोघं एकाच वर्षी आले, एकच परीक्षा दिली, एकाच टेबलामागे बसले. फरक इतकाच की भरतीच्या जाहिरातीत पुरुष निवेदक "कायम" मागवला होता आणि महिला निवेदिका "कंत्राटी". आमच्याकडे हे असंच चालत आलंय आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. थाकला पगार, रजा, बढती. हारिमला कार्यक्रमागणिक मानधन, तेही त्याच्या पगाराच्या जेमतेम निम्मं. कागदावर ती स्वतंत्र व्यावसायिक. प्रत्यक्षात दाताच्या डॉक्टरकडे जायचं तरी तिला विभागप्रमुखाला विचारावं लागे, आणि कचेरीच्या जेवणात साहेबांच्या शेजारी बसून पेले भरावे लागत. स्वतंत्र म्हणे!

गेल्या वर्षी तिने मानवाधिकार आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने तपास करून स्पष्ट लिहिलं, हा भेदभाव आहे, तिला कायम करा, नव्वद दिवसांत मंडळाचं उत्तर द्या. तक्रार केल्याच्या पुढच्याच फेरबदलात तिच्या सात वाजताच्या बातम्या गेल्या. उरलं दुपारचं रेडिओवरचं हवामान. टेबलही झेरॉक्सच्या यंत्राशेजारी हलवलं. नव्वद दिवस शुक्रवारी संपत होते आणि करार महिनाअखेरीला. मंडळाने या आठवड्यात हो म्हटलं नाही तर ती घरी जाणार होती, इतकं ते सरळ होतं.

"ताई, आज विषय आहे ना?" तिने विचारलं.

"आहे. चौथा."

"जेवणाच्या आधीचा की नंतरचा?"

"जेवणाच्या आधीचा शेवटचा."

ती हसली. "म्हणजे मेलाच."

मग तिने हातातला गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. संकेतस्थळावरून छापून काढलेली आठ वर्षांची इतिवृत्तं. वेतनाच्या ओळीखाली पिवळी रेघ. आठही वर्षी एकच वाक्य, आणि माझंच.

"हे तुम्ही लिहिता ना?"

"हो."

"'चर्चेअंती' असं आहे इथं. ताई, मला फक्त एवढंच सांगा. काय चर्चा झाली? आठ वर्षांत माझ्याबद्दल कोण काय बोललं? चांगलं नको, वाईट बोलले असतील तेही चालेल. पण काय बोलले?"

मी काय सांगणार? कुणी काही बोललंच नव्हतं. मा साहेब, म्हणजे आमचे मनुष्यबळ प्रमुख, तक्ता दाखवायचे, अध्यक्ष मान हलवायचे, मी लिहायची. चर्चा माझ्या लेखणीने केली होती.

"कॉफी घे," मी म्हणाले.

"नको, ताई. मला हवामान वाचायचंय," ती म्हणाली आणि गठ्ठा तिथेच ठेवून गेली. मला तिचा राग आला. खरं तर माझाच आला होता, पण तो तेव्हा तिच्यावर निघाला.

बैठक अकराला सुरू झाली. अध्यक्ष सोक साहेब निवृत्त सरकारी अधिकारी. त्यांना सगळ्यात मोठं भय म्हणजे वाद. बारा वाजता बंदरावरच्या फुगू माशाच्या सूपवाल्याकडे खोली राखून ठेवलेली होती आणि हे त्यांनी येता येताच मला दोनदा सांगितलं. पहिले तीन विषय चाळीस मिनिटं चालले. त्यातली वीस मिनिटं इमारतीसमोर चेरीची झाडं लावायची की जिन्कोची यावर गेली. त्यावर मात्र सगळ्यांना मतं होती.

"विषय चौथा," अध्यक्ष घड्याळाकडे बघत म्हणाले. "हां, ते आयोगाचं. मा, सांगा पटकन."

मा साहेबांनी तक्ता लावला. "दरवर्षीप्रमाणे पुरुष आणि महिला कर्मचाऱ्यांच्या वेतनात तफावत नगण्य आहे."

बान मॅडम मंडळातल्या एकुलत्या एक बाई, विद्यापीठात शिकवतात. त्यांनी चष्मा वर केला. "यात निवेदिका धरल्यात का?"

"नाही मॅडम. त्या कर्मचारी नाहीत. कंत्राटी आहेत."

"अच्छा," मॅडम म्हणाल्या आणि चष्मा खाली आला. मला हात जोडून म्हणावंसं वाटलं, बाई, आणखी एक प्रश्न विचारा, फक्त एक! पण नाही.

यम संचालकांचा बांधकामाचा धंदा. ते म्हणाले, "अहो, पोरी दोन-चार वर्षं दिसतात छान, मग लग्न करून जातात. कायम करून काय करायचं? प्रेक्षकांना ताजा चेहरा लागतो."

"ही छत्तीसची आहे," मा साहेब म्हणाले.

"मग तर झालंच."

दोघे-तिघे हसले. थाकही छत्तीसचाच आहे, आणि त्याचे केस मागे सरकलेत हे अख्ख्या जिल्ह्याला दिसतं, पण त्याच्या ताजेपणाची काळजी कुणाला नव्हती.

"थाकला दोन मुलं आहेत," अध्यक्ष म्हणाले, "त्याचं समजू शकतो. हिला काय, एकटा जीव. बरं, नामगुंग सर, आपलं काय मत?"

नामगुंग सर निवृत्त मुख्याध्यापक, वय चौऱ्याहत्तर. बैठकीत ते डोळे मिटून बसतात. ध्यान करतो म्हणतात, पण ध्यानात कुणी घोरत नाही. त्यांनी एक डोळा उघडला. "जेवण किती वाजता आहे?"

"बाराला. फुगूचं सूप."

"मग निघायला हवं."

"चला तर. हा विषय पुढच्या महिन्यात सविस्तर घेऊ," अध्यक्ष म्हणाले.

मी एकोणीस वर्षांत बैठकीत तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. "साहेब, मुदत शुक्रवारी संपते. पुढच्या महिन्यात घेतला तर नकार दिल्यासारखंच होईल."

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पाण्याच्या जगने बोलायला सुरुवात केली होती.

"प्यो बाई," अध्यक्ष कोट चढवत गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? जे झालं ते लिहा नेहमीसारखं, शिक्के मारा, आणि टाका संकेतस्थळावर. आजच टाका म्हणजे कटकट नको."

सातही जण सूप प्यायला गेले. मी खोलीत एकटी. समोर चहाच्या खोलीतून उचलून आणलेला हारिमचा गठ्ठा, टेबलावर माझं आवाज टिपायचं यंत्र, मदतीला म्हणून मी बैठकीत कायम चालू ठेवते ते. वैतागाने माझं डोकं ठणकत होतं. हे लोक तिला नाकारतात याचा राग होताच, पण नाकारतानासुद्धा कष्ट घेत नाहीत याचा जास्त होता. घोंगडं भिजत टाकायचं, आणि वर माझ्या हस्ताक्षरात "चर्चा" म्हणून वाळत घालायचं!

जे झालं ते लिहा, असं साहेब म्हणाले होते. मी यंत्रावरचं सगळं पुन्हा ऐकलं आणि जे झालं ते लिहिलं. शब्दन् शब्द. चेरी की जिन्को, वीस मिनिटं. आयोगाचा विषय, सहा मिनिटं. "बान संचालक: अच्छा." "यम संचालक: मग तर झालंच. (हशा.)" "नामगुंग संचालक: जेवण किती वाजता आहे?" शेवटी माझंही वाक्य आणि अध्यक्षांचं उत्तर. मग डबा काढला, सातही शिक्के मारले, पानांच्या जोडावरसुद्धा मारले, मधलं एखादं पान कुणी बदलू नये म्हणून मारतात तसे. शिक्के सरळ उमटले. साडेतीनला ते संकेतस्थळावर गेलं.

आमची इतिवृत्तं कुणी वाचत नाही, असा आमचा समज होता. मी विसरले होते की हारिम वाचते. संध्याकाळी तिने ती पानं आयोगाला पाठवली, आणि एका स्थानिक वर्तमानपत्रालाही. बुधवारी सकाळी फुगूच्या सुपासकट सगळं छापून आलं.

सोक साहेबांचा फोन आला तेव्हा मी टेबल पुसत होते.

"प्यो बाई! हे काय लिहून ठेवलंय तुम्ही?"

"जे झालं ते, साहेब."

"असं लिहितात का कधी इतिवृत्त?"

"यात खोटं काय आहे ते सांगा, खोडते. आवाज टिपलेला आहे."

"मी हे वाचलेलंच नाही! मी कुठं शिक्का मारला याच्यावर?"

"तसं जाहीर करूया का, साहेब?" मी विचारलं. "की शिक्का तुम्ही मारलेला नाही? पण मग लोक विचारतील, आधीचे कुणी मारले. एकोणीस वर्षांचे कागद आहेत. छप्पर दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जाचाही कागद आहे त्यात."

ते ओरडले, "तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई होईल! आणि खबरदार पुन्हा माझ्या शिक्क्याला हात लावलात तर!"

"नाही लावत, साहेब. परत पाठवते."

मी सात पाकिटं आणली. प्रत्येकात एक शिक्का घातला आणि चिठ्ठी लिहिली: यापुढे कृपया वाचून स्वतः मारावा. मोटरसायकलवाल्याला बोलावून सातही घरी पोचते केले. खर्च मी कचेरीच्या नावावर टाकला, कारवाईत तेवढीच भर. डबा रिकामा झाला आणि मला एकाएकी वाटलं, आता घरी जाऊन आठ दिवस झोपावं.

मंत्रालयातूनही विचारणा झाली म्हणे. गुरुवारी दहाला तातडीची बैठक लागली. सातही जण आले, आणि सातही जणांच्या खिशात आपापला शिक्का होता. मी कोपऱ्यात माझ्या जागेवर बसले. कुणी माझ्याकडे पाहत नव्हतं. बान मॅडमनी मात्र जाता जाता माझ्या खांद्याला हात लावला. मला तो हातही नको होता. तुमचा तो हात मंगळवारी वर करायला हवा होता.

मा साहेबांनी ठरावाचा मसुदा वाटला. पहिलं कलम: मेंग हारिम यांना कायम करून सात वाजताच्या बातम्यांवर परत घ्यावं. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मग मी दुसरं कलम वाचलं. नेमणूक नवीन भरती समजून, वेतनाच्या पहिल्या पायरीवर.

पहिल्या पायरीवर! काल कॉलेजातून बाहेर पडलेली पोर बसते तिथे. आठ वर्षं पुसून टाकली. कायम केलं म्हणून वर्तमानपत्रात यायचं, आणि तिच्या मात्र तोंडाला पानं पुसायची.

"छान मध्यममार्ग आहे," अध्यक्ष म्हणाले. "सगळ्यांची अब्रू राहते. चला, शिक्के मारूया."

शाईची डबी फिरू लागली. यम संचालकांनी न वाचता मारला. अध्यक्षांनी मारला. बान मॅडम क्षणभर थांबल्या, सुस्कारा टाकला आणि मारला. मी खाली मान घालून बसले होते. वैतागाच्याही पलीकडे माणूस गेला की नुसता थकवा उरतो, तसं झालं होतं.

डबी नामगुंग सरांपाशी आली आणि थांबली. त्यांनी कोटाच्या खिशातून भिंग काढलं होतं आणि ते वाचत होते. बोटाने ओळ धरून, पोरांची उत्तरपत्रिका तपासावी तसे.

"मा, हा थाक कितव्या पायरीवर रुजू झाला होता?"

"तिसऱ्या, सर."

"नवीनच होता ना? मग तिसऱ्या का?"

"सैन्यातली सक्तीची सेवा, सर. ती अनुभवात धरतात. नियमच आहे."

"माहीत आहे. माझीही धरली होती." सरांनी भिंग खाली ठेवलं. "सांगतो तुम्हाला. मी सैन्यात तीन वर्षं काय केलं? कर्नलच्या डुकरांना खायला घातलं. गोळी एकदा झाडली, ती झाडाला लागली. शाळेत रुजू झालो तेव्हा मला तीन पायऱ्या वर बसवलं. मला आजवर त्यात काही चुकीचं वाटलं नाही. घेतल्या की मी."

कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत.

"काल रात्री माझ्या नातीचा फोन आला. सोलला नोकरी करते. तिने मला ते इतिवृत्त वाचून दाखवलं. माझं वाक्य आलं आणि ती थांबली. म्हणाली, 'आजोबा, हे तुम्हीच का?' मी म्हणालो, असेल दुसरा कुणी नामगुंग." त्यांनी मसुद्यावर बोट ठेवलं. "माझी तीन वर्षांची डुकरं धरली. या मुलीची आठ वर्षांची बातमीपत्रं का धरत नाही?"

"सर, ते नंतर बघू," अध्यक्ष म्हणाले. "आज शिक्का मारा. उद्या मुदत आहे."

"हे कलम असेल तर मी मारत नाही."

"सर, एकामुळे सगळा कागद रद्द होईल!"

"होऊ दे."

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं, घड्याळ पाहिलं, आणि मग एकोणीस वर्षांची सवय त्यांच्या तोंडून बोलली.

"प्यो बाई, सरांचा शिक्का मारून टाका हो."

मी मान वर केली.

"माझ्याकडे नाही, साहेब," मी म्हणाले. "तो त्यांच्या हातात आहे."

सरांनी मूठ उघडून दाखवली. तळहातावर तो छोटासा लाकडी शिक्का होता, स्टेशनसमोर दहा मिनिटांत कोरलेला.

त्यानंतर दीड तास गेला. आरडाओरडा झाला, बान मॅडमनी आपला शिक्का मारलेला कागद सगळ्यांसमोर फाडला, यम संचालक दोनदा कोट घालून उठले आणि दोनदा बसले, मागवलेलं जेवण बाहेर थंड झालं. शेवटी अध्यक्षांनी स्वतःच्या पेनाने दुसरं कलम खोडलं आणि वर लिहिलं, आठ वर्षं धरून नववी पायरी. सैन्याच्या दोन पायऱ्यांमुळे थाक अजून तिच्या वरच आहे. त्यावर कुणी बोललं नाही, मीही नाही. ते भांडण पुढचं. सर्वांनी पुन्हा शिक्के मारले. नामगुंग सरांनी सगळ्यात शेवटी, शाईत दोनदा बुडवून, हळू दाबून मारला.

माझ्या कारवाईची नोटीस त्याच दुपारी टेबलावर आली. मी ती रिकाम्या डब्यात ठेवली आणि इतिवृत्त लिहायला बसले. दुपारचं हवामान आटोपून हारिमने वरच्या मजल्यावरून फोन केला. बातमी तिला कळली होती.

"ताई, या वेळी काय लिहिलंत?"

"तेच," मी म्हणाले. "चर्चा झाली म्हणून लिहिलंय."

"पुन्हा तेच?" तिने विचारलं.

"अगं, या वेळी खरंच झाली," मी म्हणाले.